साउनाच्या कोरड्या फळ्या

१

तळघरातल्या जाळीच्या खोलीचं कुलूप जसंच्या तसं होतं. आत ठेवलेला कॉम्प्युटर मात्र नाहीसा झाला होता.

शुक्रवारी संध्याकाळी मेर्वी स्कीचे बूट आणायला खाली गेली, तेव्हा हे उघडकीला आलं. जुन्या गाद्या होत्या, नीलोची लहानपणची बर्फगाडी होती, तिच्या नवऱ्याने हौसेने आणून एकदाही न वापरलेली वल्हीही होती. मधली जागा तेवढी रिकामी. दोन आठवड्यांपूर्वी बालकल्याण खात्याच्या बाईंसमोर सगळ्या घराने माना डोलावून तो कॉम्प्युटर तिथे बंद केला होता. मेर्वीचा पंधरा वर्षांचा मुलगा नीलो शाळा बुडवून खेळत बसायचा, म्हणून हा करार. सोमवारी पुन्हा बैठक होती. करार मोडलेला दिसला तर नीलोची रवानगी कोउवोला शहरातल्या युवागृहात होईल, हे बाईंनी गोड आवाजात पण स्पष्ट सांगून ठेवलं होतं.

मेर्वीने तिथूनच नणंदेला फोन लावला. "तू ये, इर्मेली. तुझ्यासमोर तो खोटं बोलणार नाही. कुठे लपवलाय, तेवढं त्याच्याकडून काढून घे."

"त्यानेच नेलाय कशावरून?"

"मग आणखी कोण नेणार?"

इर्मेली वूरेनमाने उभी हयात विमा कंपनीत जळितांची चौकशी करण्यात घालवली होती. स्वतः पेटवलेल्या गोठ्यासमोर उभं राहून ढसाढसा रडणारी माणसं तिने इतकी पाहिली होती, की 'मग आणखी कोण' असं कुणी म्हटलं की तिला आधी म्हणणाऱ्याचाच संशय यायचा. भावाच्या घरी जायचं म्हटलं की तिच्या कपाळाला आठ्या पडत. पण नीलो तिचा लाडका होता, आणि कोउवोलाची युवागृहं तिने बाहेरून पाहिलेली होती.

शनिवारी सकाळच्या बसने ती भावाच्या गावी, लाहतीला उतरली आणि चिखल झालेला बर्फ तुडवत इमारतीत शिरली. भावाची पहिली भेट जिन्यातच झाली. भिंतीवर चिकटवलेले कागद होते: सायकली इथे लावू नयेत. रविवारी गालिचे झटकू नयेत. जिन्यात उभं राहून गप्पा मारू नयेत. प्रत्येकाखाली सही, यार्को वूरेनमा, अध्यक्ष, गृहसंस्था. ज्याला घरात कुत्रंही विचारत नाही तो माणूस जिन्यावर राज्य करतो, असं मनाशी म्हणत इर्मेली वर गेली.

२

मेर्वीने कॉफी ओतली, वेलचीचा गोड पाव कापला आणि समोर बसून मोबाइल हातात घेतला. पडद्यावर रंगीत गोळ्या होत्या. एका रंगाच्या जुळवल्या की त्या फुटत होत्या.

"चोवीस तास त्या डबड्यात डोकं घालून बसायचा गं," मेर्वी म्हणाली. अंगठा चालूच होता. "जेवायलासुद्धा बाहेर यायचा नाही."

"मग जेवायचा कसा?"

"मी दाराशी ताट ठेवायचे. उगीच भांडण नको."

"आणि तू कुठे जेवायचीस?"

"इथे सोफ्यावर."

"यार्को?"

"त्याच्या लॅपटॉपसमोर. आणि आता तर इमारतीच्या पाइपांच्या दुरुस्तीचं केवढं काम अंगावर पडलंय त्याच्या! रोज संध्याकाळी खाली संस्थेच्या ऑफिसात जाऊन बसतो बिचारा." एक गोळी फुटली. "हे बघ, मी उगीच आळ घेत नाही. नीलोच्या वर्गातल्या आल्पोच्या आईने काल सांगितलं मला. नीलोचं खेळातलं नाव रोज संध्याकाळी हिरवं दिसतं. म्हणजे तो खेळत असतो. गेल्या शनिवारी सहालाही हिरवं होतं, ऐन आपल्या साउनाच्या वेळी! बाप खाली साउनात एकटा, आणि हा कुठल्या तरी भोकात बसून खेळतोय."

"नीलो साउनाला जात नाही?"

"बापाबरोबर? कधीच सोडलं त्याने."

"तू?"

"मला कंटाळा येतो आता."

इर्मेलीने पाव खाली ठेवला. आठवड्यातून एक तास इमारतीचा साउना, म्हणजे तापल्या दगडांवर पाणी टाकून वाफ घ्यायची तळघरातली लाकडी खोली, या घराच्या वाट्याला येत होता. तिथे फोन चालत नाही, पडदा नसतो, अंगावर कपडाही नसतो. माणसाला माणसाशी बोलण्यावाचून तिथे दुसरा उद्योगच नाही. ती एक जागाही या लोकांनी एकेकट्याची करून टाकली होती. वर सगळ्यांचं म्हणणं एकच, की मुलाला डबड्याने बिघडवलं.

तळघरातल्या जाळीच्या खोलीची किल्ली स्वयंपाकघरात खुंटीला टांगलेली होती. दुसरी किल्ली मेर्वीच्या आईकडे, शेजारच्या जिन्यावरच्या घरात राहणाऱ्या लेम्पीआजीकडे. ती चाकाची पिशवी ओढत आलीच. बुधवारी हीच पिशवी घेऊन ती तळघरात गेली होती, हे मेर्वीने आधीच कानात सांगून ठेवलं होतं. पोटची मुलगी आईवर संशय टाकायला एक घोट कॉफीसुद्धा थांबली नव्हती.

"मी बटाटे आणायला गेले होते," लेम्पीआजी फणकारली. "कॉम्प्युटर मी नेला नाही. पण नेला असता! पोरगं कसं झालंय बघ. त्यावर बसून असायचं तेव्हा निदान शांत तरी होतं."

"त्याला ती मोठी खुर्ची कुणी घेऊन दिली?"

"मी. पाठ दुखू नये म्हणून."

"आणि खेळात पैसे भरायची कार्डं?"

"तीही मीच. चांगले मार्क मिळाले की एक कार्ड. वाईट मिळाले की समजूत काढायला एक. बाहेरच्या टवाळ पोरांत जाण्यापेक्षा बरं ना?"

"बाहेर आता एकही पोरगं नसतं, लेम्पी. टवाळ सगळे तिकडेच असतात, त्या खेळात."

एवढ्यात यार्को आला. कमरेच्या किल्ल्यांचा जुडगा त्याच्या आधी आला म्हटलं तरी चालेल. उभ्याउभ्याच त्याने भाषण सुरू केलं. शिस्त नाही, आजची पिढी पोकळ आहे, आमच्या वेळी असं नव्हतं.

"आमच्या वेळी," इर्मेली म्हणाली, "तू आईच्या पाकिटातली नाणी चोरून बसस्टँडवरच्या जुगाराच्या मशीनवर जायचास. मी कान धरून घरी आणायचे तुला."

"ते वेगळं होतं."

"असेल. नीलोशी तू काय बोललास या प्रकरणात?"

"हजारदा बोललोय! बंद कर म्हणून."

"ते सोडून?"

यार्कोने आठवायचा प्रयत्न केला. शेवटी त्याने पावाचा तुकडा उचलून तोंडात टाकला.

"आज साउनाला जाणार ना तू?" इर्मेलीने सहज विचारलं.

"म्हणजे काय! शनिवार आहे. गेल्या शनिवारी तर दगडांवर इतकं पाणी टाकलं, इतकं टाकलं, की वाफेने कान भाजले माझे."

इर्मेलीने त्याच्या कानांकडे पाहिलं.

३

नीलोच्या खोलीत टेबल रिकामं होतं. कॉम्प्युटर होता तिथे धुळीची चौकट उरली होती. तो पलंगावर पाय पोटाशी घेऊन बसला होता. लांबुडका, फिकट, बापाचंच नाक.

"आत्या, मी नेला नाही."

"कोणी नेला?"

त्याने खांदे उडवले.

"सोमवारी तुला कोउवोलाला पाठवतील."

"माहितीये."

"संध्याकाळी कुठे असतोस?"

"बाहेर."

"बाहेर म्हणजे?"

"बाहेर म्हणजे बाहेर."

चोर माणूस भरभरून सांगतो. कुठे होतो, कुणी पाहिलं, काय खाल्लं, सगळं पढवून आणलेलं असतं. या पोराकडे सांगायला काहीच नव्हतं, आणि ते शोधायचीही त्याला इच्छा नव्हती. इर्मेलीचं लक्ष त्याच्या पँटकडे गेलं. बसायच्या जागी सिमेंटची पांढरी धूळ होती. बाहेर सगळीकडे बर्फाचा चिखल असताना ती कोरडी धूळ आली कुठून, हा प्रश्न तिने मनात टिपून ठेवला.

"फुटबॉल का सोडलास?"

"मी नाही सोडला. मला काढलं. संघात जिंकणारेच ठेवतात. मित्र सगळे तिथेच राहिले. मग मी खेळात गेलो. तिथे मी कप्तान होतो."

"बाबा काय म्हणाला तेव्हा?"

"म्हणाला, बूट विकून टाक."

इर्मेलीच्या तोंडात शिवी आली. तिने ती गिळली. उठून दाराशी पोचली तेव्हा मागून आवाज आला.

"आत्या, बाबा लहानपणी हसायचा?"

"हसायचा की. खीखी करत, श्वास अडकेपर्यंत. शेवटी उचकी लागायची त्याला. का रे?"

"काही नाही," नीलो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.

४

अंगणात गालिचे झटकायच्या दांडीपाशी सोर्वारीबाई आपला गालिचा बडवत होत्या. वयाने ऐंशीच्या घरातल्या, जिभेने मात्र तरुण. साउनात वूरेनमांच्या नंतरची, सातची पाळी त्यांची.

"त्या पोराबद्दल आलात ना? मी सांगते. शनिवारी सातच्या जरा आधी मी खाली जाते, तेव्हा तो तळघराच्या पायऱ्यांवर बसलेला असतो. अंधारात! माझी चाहूल लागली की पळतो. आता सांगा, सरळ मुलगा असं करेल?"

"गेल्या दोन्ही शनिवारी?"

"दोन्ही. आणि तुमच्या घरच्यांबद्दलही माझी तक्रार आहे. सांगू?"

"सांगा ना."

"आधी कसं होतं, मी गेले की फळ्या ओल्या, दगड तापलेले, छान दमट हवा मिळायची. नंतरच्या माणसासाठी तेवढं ठेवून जायची आपली रीत आहे. आता दोन आठवडे झाले, भट्टी तापलेली, पण फळ्या खणखणीत कोरड्या. बादलीत थेंब नाही, पळीसुद्धा कोरडी. न्हाणीत एक नळ सोडलेला दिसतो, बस्स. तुमचा भाऊ केस ओले करून मला 'काय मस्त वाफ होती' म्हणतो. कसली वाफ! मला वाटलं, नवराबायकोचं बिनसलंय."

"बाई, पाइपांच्या दुरुस्तीचं काम फार जोरात आहे म्हणे?"

"कुठली दुरुस्ती? त्यावर मत द्यायचंय वसंतात. तोवर एक कागदही हलणार नाही. मीही आहे संस्थेच्या मंडळावर. सप्टेंबरपासून आमची बैठकच नाही."

इर्मेलीने त्यांच्या हातातली काठी घेतली आणि गालिच्यावर एक सणसणीत तडाखा हाणला. तिला फार बरं वाटलं.

५

सहा वाजून गेल्यावर इर्मेली मेर्वीला आणि लेम्पीआजीला म्हणाली, "चला, साउनाला."

"आत यार्को आहे ना!"

"असला तर मी परत फिरेन. फोन ठेव इथे."

लिफ्टने तिघी तळघरात उतरल्या. कपडे काढायच्या खोलीत एकाही खुंटीवर कपडे नव्हते. यार्कोचा टॉवेल बाकावर घडी घातलेला पडला होता. इर्मेलीने साउनाचं दार उघडलं. भट्टीचे दगड तापून लाल झाले होते, आत माणूस नव्हता.

"बसा," ती म्हणाली.

इर्मेलीने कपडे उतरवले, टॉवेल गुंडाळला आणि वरच्या फळीवर जाऊन बसली. तापलेला साउना वाया घालवणं तिला पटण्यासारखं नव्हतं. दोघी कुरकुरत मागोमाग आल्या.

"हात लाव फळीला, मेर्वी."

"कोरडी आहे."

"गेल्या शनिवारीही कोरडी होती, त्याच्या आधीच्याही. आणि तुझा नवरा सांगतो, पाणी टाकून कान भाजले. आता ऐक. कुलूप फोडलेलं नाही, म्हणजे नेणाऱ्याकडे किल्ली होती. किल्ली तुम्हा चौघांच्या हाताला येते. तुझ्या आईला तो खोका उचलत नाही, बटाट्यांची पिशवीही ती ओढत आणते. तुला तो नकोच होता, आणि तुझा खेळ तुझ्या हातात आहे."

"माझा कसला खेळ?" मेर्वी म्हणाली.

"उरले दोघे. खेळायला वीज लागते, इंटरनेट लागतं, कुलूप घालता येईल अशी खोली लागते. पंधरा वर्षांच्या पोराकडे यातलं काय आहे? हे सगळं आहे ते संस्थेच्या ऑफिसात. आणि त्या ऑफिसची किल्ली कुणाच्या कमरेला असते? जी दुरुस्ती सुरूच नाही, तिच्यासाठी रोज कोण खाली येतं? आपल्या घरची शनिवारची पाळी असून साउनात पाय न ठेवणारा माणूस मी या देशात पाहिला नव्हता. तसं करायला त्याहून मोठी ओढ लागते."

"काहीतरीच," मेर्वी पुटपुटली. "पण ते हिरवं नाव तर नीलोचं..."

भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज आला. खीखी, खीखी, मग श्वास अडकला, मग उचकी.

"नीलो!" मेर्वी ताडकन उठली. टॉवेल सावरत बाहेर धावली आणि जागीच थबकली. बोळाच्या टोकाला, सिमेंटच्या पायरीवर, नीलो बसला होता. तोंड मिटलेलं. हसणं संस्थेच्या ऑफिसच्या बंद दारामागून येत होतं.

इर्मेलीने मुठीने दार ठोकलं. आत खुर्ची सरकली, मग किल्ली फिरली. यार्को दारात उभा होता. मानेत हेडफोन, गालांवर लाली. मागे पडदा लखलखत होता. समोर टॉवेलातल्या तीन बायका पाहून गृहसंस्थेच्या अध्यक्षाला एकही नियम आठवला नाही.

"मी... त्याची जागा राखत होतो," तो म्हणाला. "गटातली. त्याच्यासाठीच. आधी एक दिवस फक्त बघायला बसलो होतो, यात काय एवढं असतं म्हणून."

"आणि सोमवारी त्याला कोउवोलाला पाठवून इथेच बसणार होतास? हेही त्याच्यासाठीच?" इर्मेलीचा आवाज बोळात घुमला. "गोठे जाळणारी माणसं पाहिली मी, यार्को. पण त्यातला एकसुद्धा आत स्वतःचं पोर ठेवून काडी लावत नव्हता!"

मग मेर्वी बोलली. हलक्या, समजूतदार आवाजात बोलली, आणि तेच इर्मेलीला सगळ्यात ओंगळ वाटलं.

"हे बघ, झालं ते झालं. बाहेर कळलं तर याचं अध्यक्षपद जाईल, नोकरीच्या ठिकाणी काय म्हणतील? नीलो लहान आहे, लहानांना माफ करतात. तसंही सगळ्यांना वाटतंय की त्यानेच..."

"थोड्या दिवसांचा तर प्रश्न," लेम्पीआजीने री ओढली. "मी दर आठवड्याला काहीतरी पाठवत जाईन."

"कार्ड?" इर्मेलीने विचारलं.

नीलो उठून पुढे आला होता. त्याने बापाकडे पाहिलं नाही, पडद्याकडे पाहिलं.

"शाळेत आल्पोने विचारलं, तुझा मोठा भाऊ या शनिवारी येणार ना?" तो म्हणाला. "यानं त्यांना सांगितलंय की हा माझा मोठा भाऊ आहे. त्यांना आवडतो हा. भारी जोक मारतो म्हणे."

"तुला माहीत होतं?" यार्कोने विचारलं. "मग सांगितलं का नाहीस?"

"घरी तू हसत नाहीस. इथून ऐकू यायचं." नीलोने पायरीकडे बोट केलं. "मला वाटलं, दार वाजवलं की थांबशील."

हेडफोनमधून कुठल्या तरी पोराचा बारीक आवाज येत होता, भाऊ, आहेस का, भाऊ?

इर्मेलीने हात घालून भिंतीतली वायर उपटली. मग कोरडी बादली नळाखाली धरून भरली आणि पळीसकट यार्कोच्या हातात दिली.

"सोर्वारीबाईंच्या पाळीला अजून अवकाश आहे. दोघे आत जा. निदान फळ्या तरी ओल्या करून या."

६

सोमवारी बालकल्याणच्या ऑफिसात सगळे एका रांगेत बसले. बाईंनी गोड आवाजात विचारलं, "तर मग, कॉम्प्युटर ठरल्या जागी आहे ना?"

मेर्वीने नवऱ्याकडे पाहिलं. लेम्पीआजीने छताकडे पाहिलं. नीलोने आपल्या बुटांकडे पाहिलं. इर्मेली आमंत्रण नसताना आली होती आणि पर्स मांडीवर घेऊन भावाच्या अगदी शेजारी बसली होती.

"नाही," यार्को म्हणाला. "मी घेतला होता. मी खेळत होतो. रोज."

बाईंचं पेन हवेत राहिलं. या खात्यात त्यांना असं कुणी सांगितलं नसावं.

"नीलो," त्या सावरून म्हणाल्या, "या सगळ्याबद्दल तुला काय वाटतं? तुला काही विचारायचंय का?"

नीलोने मान वर केली. शनिवारी तो बापाबरोबर साउनात बसला होता. दोघे बोलले नव्हते, पण पाणी बरंच टाकलं होतं. त्याचे कान अजून लाल होते. यार्कोचेही.

"ते कोउवोलाचं," नीलोने विचारलं, "तिथे मोठ्या माणसांना ठेवून घेतात का?"